बागेची भिंत बांधून घेताना: कामाच्या नोंदी

४ जानेवारी : मोजमाप

बागेच्या एका बाजूचे तारेचे कुंपण गंजून ठिकठिकाणी तुटले आहे. त्या जागी १८ मीटर लांब आणि जमिनीपासून दीड मीटर उंच अशी विटांची भिंत बांधून घ्यायचे ठरवले. वाफ्यांच्या कडेच्या दोन-तीन थरांच्या बांधण्या मी स्वतः केल्या आहेत, त्यामुळे हेही आपणच करावे असा मोह झाला होता. परंतु ही भिंत वर छताला बांधलेली नसेल, बाजूने दुसऱ्या भिंतीचा आधार तिला मिळणार नाही आणि वाऱ्याचा सगळा जोर तिला एकटीने सोसावा लागेल. अशी भिंत चुकली तर कोणाच्या तरी अंगावर पडते, म्हणून काम जाणकाराकडे द्यायचे ठरले.

असेच काम करून घेणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे. दर सगळीकडे वेगळे असतात, तेव्हा रकमा लिहीत नाही. ठेकेदाराशी ठरलेली रक्कम १०० भाग मानून त्या प्रमाणात खर्च लिहीन. विटा मी स्वतः घेणार असल्याने त्यांचा खर्च या हिशेबाबाहेर आहे.

आज संध्याकाळी विटांचा हिशेब केला. १९ × ९ × ९ सेंटिमीटरची वीट दर्जेसह (दोन विटांमधल्या सिमेंट-वाळूच्या थरासह) २० × १० × १० इतकी जागा घेते, म्हणजे एका घनमीटरला ५०० विटा लागतात. १८ मीटर लांबी, दीड मीटर उंची आणि २० सेंटिमीटर जाडी धरून ५.४ घनमीटर, म्हणजे २,७०० विटा झाल्या. दर तीन मीटरवर एक असे सात खांब आहेत, त्यांच्या वाढीव ४२० विटा. तुटफुटीसाठी पाच टक्के जास्त धरून ३,३०० विटा मागवायच्या. हिशेब दोनदा तपासला आणि दोन्ही वेळा बरोबर आला. (तो बरोबर नव्हता. ७ फेब्रुवारीची नोंद पाहावी.)

१० जानेवारी : तीन अंदाजपत्रके

तीन ठेकेदार जागा पाहून गेले. त्यांचे आकडे ७८, १०० आणि १२१ भाग आले. पहिला आकडा पाहून मन त्याच्याकडे झुकले होते. मग तिन्ही कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली. ७८ भागांत पायाची खोदाई धरलेली नव्हती, राडारोडा उचलणे नव्हते आणि भिंतीच्या माथ्यावरच्या फरश्याही नव्हत्या. त्या तिन्ही गोष्टींचे दर फोन करून विचारले तेव्हा तोच आकडा ९७ वर गेला. १२१ भागांच्या कागदात दोन्ही बाजूंचा गिलावा धरला होता आणि मला तर विटा उघड्याच ठेवायच्या आहेत. म्हणजे तिघांमधली तफावत बरीचशी कागदावरची होती, आणि या तपासणीला जेमतेम एक संध्याकाळ लागली.

मधल्या ठेकेदाराने एक गोष्ट वेगळी केली. त्याने आकडा सांगण्याआधी पहार मागितली आणि आखणीच्या रेषेवर दोन ठिकाणी ती जमिनीत रोवून पाहिली. बाकीचे दोघे टेपने लांबी मोजून निघून गेले. (पहार चार ठिकाणी रोवली असती तर आणखी बरे झाले असते, पण ते पुढे येईलच.)

१४ जानेवारी : जुनी कामे पाहिली

मधल्या ठेकेदाराने बांधलेल्या दोन भिंती पाहून आले. नवी भिंत कोणाचीही सरळच दिसते, म्हणून किमान तीन वर्षे झालेली भिंत दाखवा असा आग्रह धरला होता. तिथे मी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, एका टोकाला डोळा लावून पाहिले की माथ्याची रेषा कुठे पोट काढते का. दुसरी, उभे सांधे एकावर एक आले आहेत का. एका थरातला उभा सांधा वरच्या थरातल्या विटेच्या पोटाखाली यायला हवा, नाहीतर तडा त्याच वाटेने वर चढतो. तिसरी, माथ्याच्या फरशीखाली भिंतीवर काळे ओघळ आहेत का. त्यांतल्या एका भिंतीवर ओघळ होते, थोडे पण होते. घरमालकांना विचारायला मी एकच प्रश्न घेऊन गेले होते: शेवटचा हप्ता घेतल्यानंतर हा माणूस फोन उचलतो का? उचलतो, असे दोघांनीही सांगितले.

१९ जानेवारी : करारनामा

साध्या कागदावर करार लिहून दोघांनी सह्या केल्या. लांबी, उंची व जाडी, खांबांची जागा, पायाची रुंदी ६० सेंटिमीटर व खोली ५०, त्यात तळाला २० सेंटिमीटर काँक्रीट आणि त्यावर जमिनीखाली विटांचे तीन थर, माल (सिमेंट आणि वाळूचे मिश्रण) एकास सहा, माथ्याला दोन्ही बाजूंनी चार सेंटिमीटर बाहेर येणाऱ्या फरश्या, राडारोडा उचलून नेणे, इतके सगळे लिहिले. पैसे पाच टप्प्यांत द्यायचे: सुरुवातीला १० भाग, पाया झाल्यावर २५, भिंत अर्ध्या उंचीला आल्यावर ३०, माथा झाल्यावर २५, आणि काम संपल्यावर तीन महिन्यांनी उरलेले १०. शेवटच्या अटीवर ठेकेदाराने थोडी कुरकुर केली, पण सही केली. मुदत ३० दिवसांची ठरली.

त्या वेळी कागद अगदी भरगच्च वाटला होता. आता मागे वळून पाहते तर वेळ किंवा पैसा जिथे जिथे वाया गेला, तिथे तिथे या कागदातली एक ओळ कमी होती.

२४ जानेवारी : आखणी आणि फुटलेली नळी

सकाळी चुनाफक्कीने आखणी सुरू झाली आणि पहिली चूक तिथेच सापडली. मी हद्दीच्या रेषेलगत भिंतीची बाहेरची कड धरली होती. ठेकेदाराच्या मिस्त्रींनी दोरी लावली, मग पायाची रुंदी मोजून दाखवली. भिंत २० सेंटिमीटरची असली तरी पाया ६० चा आहे, म्हणजे तो भिंतीच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटर बाहेर येतो. माझ्या रेषेवर काम केले असते तर पाया सबंध १८ मीटर शेजाऱ्यांच्या जमिनीत गेला असता. रेषा २० सेंटिमीटर आत घेतली. चुना पुसायला खर्च नाही. पाया भरल्यावर हेच लक्षात आले असते तर काय झाले असते ते लिहवत नाही.

पातळी पाहण्यासाठी पाण्याची पारदर्शक नळी लावली. दोन टोकांच्या खुणांत दोन सेंटिमीटरचा फरक आला, पुन्हा मोजल्यावर वेगळाच फरक आला. बिगाऱ्याने नळी उन्हात धरली तेव्हा मध्यावर अंगठ्याच्या नखाएवढा हवेचा बुडबुडा दिसला. नळी झटकून तो बाहेर काढला आणि खुणा जुळल्या.

दुपारी खोदताना कुदळ बागेच्या पाण्याच्या नळीत घुसली. "खाली काही आहे का ताई?" असे मिस्त्रींनी सकाळीच विचारले होते आणि मी ठामपणे नाही म्हणाले होते. नळी पूर्वीच्या मालकांच्या काळातली, आणि कोणत्या बाजूने गेली आहे हे मी कधी पाहिलेच नव्हते. एक दिवस आणि १ भाग गेला. नवी नळी पायातून नेताना तिच्याभोवती जास्त व्यासाची दुसरी नळी घातली, म्हणजे भिंत थोडी बसली तरी भार पाण्याच्या नळीवर येणार नाही आणि पुढे ती बदलायची झाली तर पाया फोडावा लागणार नाही.

२५ जानेवारी : भरावाची माती

पायाचा चर शेवटच्या चार मीटरांत आला आणि मातीचा रंग बदलला. वरची माती कुदळीला ढेकळांनी निघत होती, इथली भुसभुशीत होती आणि तिच्यात कौलांचे तुकडे व कोळसा सापडू लागला. मिस्त्रींनी पहार हाताने दाबली तर ती फारसा जोर न लावता कोपरभर आत गेली. कधीकाळी इथे खड्डा असणार आणि तो कचरा व माती टाकून बुजवला असणार. अशा भरावावर पाया घेतला तर भिंतीचे तेवढे टोक खाली बसते, बाकीची भिंत जागेवर राहते आणि दोन्हींच्या मध्ये तिरका तडा जातो.

मूळ कठीण जमीन ९० सेंटिमीटरवर लागली. वाढीव खोदाई आणि काँक्रीट कोणाच्या खर्चाने, यावर अर्धा दिवस बोलणे चालले. करारात खोली ५० लिहिली होती, "कठीण जमीन लागेपर्यंत" असे शब्द नव्हते, आणि वाढीव खोलीचा दरही नव्हता. ठेकेदाराचे म्हणणे रास्त होते आणि शेवटी ४ भाग मी दिले. दर आधी ठरला असता तर हीच रक्कम कदाचित कमी झाली असती, कारण उघडा चर समोर असताना घासाघीस करणारा माणूस अडलेला असतो. दोन दिवस गेले.

चराचा तळ उतरता ठेवला नाही. २० सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या काढल्या आणि प्रत्येक पायरीवर वरचे काँक्रीट खालच्यावर ४० सेंटिमीटर चढवून घेतले. उतारावर ओतलेला पाया घसरू पाहतो, पायरीवरचा बसून राहतो.

२८ ते ३० जानेवारी : काँक्रीट, विटा आणि माझा एक हट्ट

काँक्रीट भरले. त्याविषयी लिहिण्यासारखे काही घडले नाही.

विटा आल्या. थप्पीतल्या चार विटा वेगवेगळ्या जागांवरून काढून दोन-दोन एकमेकींवर आपटल्या, आवाज खणखणीत आला. एक वीट कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाकली, ती फुटली नाही. एक वीट वजन करून चोवीस तास पाण्यात ठेवली, तिचे वजन १४ टक्क्यांनी वाढले. वीस टक्क्यांच्या वर गेली असती तर गाडी परत पाठवणार होते. वाळूचीही परीक्षा घेतली. बरणीत अर्धी वाळू आणि वर पाणी घालून, चिमूटभर मीठ टाकून हलवले व तीन तास ठेवून दिले. वाळूवर गाळाचा थर बसला तो एकूण उंचीच्या जवळपास एक दशांश होता. ती वाळू परत गेली आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या वाळूत गाळाची रेघ जेमतेम दिसत होती.

हट्टाची गोष्ट अशी. ओल चढू नये म्हणून घरांच्या जोत्यावर जसा प्लास्टिकचा पट्टा घालतात तसा तो या भिंतीतही जमिनीलगत घालावा, असे मी सुचवले, आणि मिस्त्री नको म्हणाल्यावर आग्रहच धरला. त्यांनी दोन विटांमध्ये प्लास्टिकचा तुकडा ठेवला आणि वरची वीट बोटाने ढकलली. ती सरकली. "घराच्या भिंतीवर छताचं वजन असतं ताई. हिच्यावर काय आहे? वारा आला की भिंत इथंच सुटेल," एवढेच ते म्हणाले. पट्ट्याऐवजी जमिनीखालच्या आणि वरच्या पहिल्या दोन थरांसाठी थप्पीतल्या सर्वांत जास्त भाजलेल्या विटा निवडून काढल्या आणि त्या थरांसाठी माल एकास चार केला.

१ आणि २ फेब्रुवारी : कोरड्या विटा

पहिल्या दिवशी मिस्त्री दुसरीकडे अडकले होते, म्हणून ठेकेदाराने दुसरा गवंडी पाठवला. त्याने भराभर काम केले, संध्याकाळपर्यंत सहा मीटर लांबीचे तीन थर उभे राहिले आणि मीही खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम पाहायला गेले. कोपऱ्यातली एक वीट किंचित तिरकी वाटली म्हणून हात लावला, तर ती हातातच आली. तिच्या तळाला मालाचा कणही चिकटलेला नव्हता. खाली मालाची बैठक तशीच होती, वर विटेच्या तळाचा ठसा स्वच्छ उमटलेला. नखाने खरवडले तर माल वाळूसारखा सुटला. विटा न भिजवता लावल्या होत्या. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते, मग सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही.

मिस्त्री आले, त्यांनीही एक वीट उचलून पाहिली आणि काही न बोलता तिन्ही थर उतरवायला लावले. हा खर्च ठेकेदाराने सोसला. विटा भिजवून लावायच्या हे करारात नव्हते, तरी त्याने वाद घातला नाही हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. एक दिवस गेला. त्यानंतर रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या विटा पिंपात टाकायच्या आणि लावण्याआधी थोडा वेळ निथळू द्यायच्या असा नेम ठरला. पाणी टपटपणारी वीटही नको, कारण ती मालावर तरंगते आणि दर्जेतून माल ओघळतो.

३ ते ७ फेब्रुवारी : थर चढतात, विटा संपतात

मिस्त्रींच्या कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांच्याजवळ दीड मीटर लांबीची लाकडी पट्टी आहे, तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला पेन्सिलीची रेघ. आधी दोन्ही टोकांचे खांब पाच-सहा थर वर घ्यायचे, त्यांना पट्टी लावून प्रत्येक थर रेघेला जुळतो का पाहायचे, मग दोन खांबांमध्ये दोरी ताणून मधल्या विटा त्या दोरीने भरायच्या. वीट दोरीला टेकली तर ते ओरडतात. दोरी आणि विटेमध्ये नखभर अंतर हवे, कारण एका विटेने दोरी बाहेर ढकलली की पुढच्या सगळ्या विटा तिच्यामागे जातात. दिवसाचे काम थांबवताना भिंतीचे टोक पायऱ्यापायऱ्यांनी उतरते सोडतात. एका दिवसात एक मीटरपेक्षा जास्त उंची घेत नाहीत, कारण खालच्या ओल्या दर्जा वरच्या वजनाने दबतात आणि भिंत पोट काढते.

मालाच्या बाबतीतही त्यांची शिस्त कडक होती. बिगाऱ्याने एकदा जेवणाआधी माल कालवून ठेवला आणि परत आल्यावर त्यात पाणी घालून पुन्हा सारखा करू लागला. मिस्त्रींनी ते घमेले खड्ड्यात ओतायला लावले.

मिस्त्री आणि एक बिगारी मिळून दिवसाला पाचशे ते साडेपाचशे विटा लावतात. ७ तारखेला संध्याकाळी मिस्त्रींनी उरलेली थप्पी मोजली आणि विचारले, "बाकीच्या विटा कधी येणार?" माझ्या हिशेबात बाकीच्या विटा नव्हत्याच. कागद काढला आणि चूक डोळ्यांसमोर आली: मी भिंत जमिनीपासून मोजली होती आणि जमिनीखालचे तीन थर विसरले होते. भिंतीच्या ५४० आणि खांबांच्या ८४ मिळून ६२४ विटा, तुटफूट धरून साधारण ६५०. हिशेब दोनदा तपासून काय उपयोग, दोन्ही वेळा तपासणारी मीच होते.

नव्या विटा यायला चार दिवस लागले आणि त्या दुसऱ्या भट्टीच्या खेपेतल्या निघाल्या, रंगाने किंचित फिकट. त्या आहेत तशा वर लावल्या असत्या तर भिंतीवर आडवा पट्टा दिसला असता. मिस्त्रींनी जुन्या उरलेल्या आणि नव्या विटा दोनास एक अशा मिसळून घेतल्या. आता जवळून पाहिले तर फरक कळतो, चार पावलांवरून कळत नाही.

११ फेब्रुवारी : मोकळे सांधे

ठेकेदार सलग १८ मीटर भिंत बांधणार होता. विटांच्या लांब भिंती उन्हाने, थंडीने आणि ओलाव्याने थोड्या वाढतात आणि आकसतात. त्यांना कुठे मोकळीक दिली नाही तर त्या स्वतःच तडा काढून ती घेतात. म्हणून ६ आणि १२ मीटरवर, खांबांच्या कडेला, माथ्यापासून जमिनीपर्यंत १२ मिलीमीटरचे उभे सांधे सोडायला लावले. हे मी खालचे थर झाल्यावर बोलले. ते आखणीच्या वेळीच सांगायला हवे होते, कारण झालेल्या थरांमध्ये सांध्याच्या जागच्या विटा कापून काढाव्या लागल्या. सांध्यात दबणाऱ्या फोमची पट्टी आणि तोंडाला सीलंट भरले. दोन्ही बाजू एकमेकींपासून आडव्या सुटू नयेत म्हणून दर चौथ्या थरात न गंजणाऱ्या स्टीलची पट्टी टाकली, तिचे एक टोक मालात पक्के आणि दुसऱ्यावर प्लास्टिकची टोपी, म्हणजे ते टोक आत-बाहेर सरकू शकते.

हा बदल ठेकेदाराने जादा पैसे न घेता केला.

१५ फेब्रुवारी : पूर्ण उंची

भिंत दीड मीटरवर पोहोचली. सातही खांबांवर ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारी, वजन बांधलेली दोरी) धरला. सर्वांत जास्त फरक ३ मिलीमीटर, चौथ्या खांबापाशी. मिस्त्रींच्या मते दीड मीटरला तेवढा चालतो.

भिंतीवर पाणी मारायचे कोणी, हे करारात नव्हते. ठेकेदाराला वाटले मी मारते, मला वाटले बिगारी मारतो, आणि पहिल्या दोन दिवसांत कोणीच मारले नव्हते हे योगायोगाने कळले. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मीच मारते आहे. विटांवर गोणपाट टाकून ते ओले ठेवले तर पाणी कमी लागते आणि ओल जास्त टिकते. प्रत्येक थराला किमान सात दिवस हे करायचे.

१८ आणि १९ फेब्रुवारी : माझी सर्वांत महाग चूक

ही नोंद लिहायला दोन दिवस टाळाटाळ केली.

चौथ्या आणि पाचव्या खांबांच्या मध्ये भिंतीला लागून उंच वाफा करायचा माझ्या मनात पहिल्यापासून होता. ठेकेदाराला तो कधी सांगितला नाही, कारण माझ्या लेखी तो बागकामाचा भाग होता, बांधकामाचा नव्हे. १८ तारखेला मातीची गाडी आली आणि मी त्या तीन मीटरांत भिंतीला टेकवून ६० सेंटिमीटर उंच माती भरली. माती बसावी म्हणून तिला पोटभर पाणीही दिले.

१९ ला सकाळी पाणी मारताना भिंतीच्या बाहेरच्या अंगाने जमिनीलगतच्या दर्जेत केसाएवढी आडवी रेघ दिसली, जवळजवळ दोन मीटर लांब. ओळंबा आणला. माथ्यावर १४ मिलीमीटर, बाहेरच्या बाजूला. मी फोन केला आणि मिस्त्री तासाभरात आले. त्यांनी रेघ पाहिली, मग वळून माती पाहिली, आणि पहिले वाक्य बोलले ते असे: "ही भिंत वाऱ्यासाठी बांधली आहे, मातीसाठी नाही."

माती भिंतीला सतत एकाच बाजूने ढकलत असते आणि पाण्याने भिजली की तिचा जोर कितीतरी वाढतो. माती अडवणाऱ्या भिंतीचा पाया वेगळा असतो, जाडी वेगळी असते, मागे खडीचा थर आणि पाणी बाहेर पडायला खालच्या अंगाला भोके ठेवावी लागतात. माझ्या भिंतीत यातले काहीही नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. शिवाय तिचा माल अजून कोवळा होता.

दोन पर्याय होते. माती काढून भिंत तशीच ठेवायची, किंवा तेवढा भाग उतरवायचा. ठेकेदार पहिल्याला तयार होता. मिस्त्री नव्हते: जमिनीलगतची दर्ज एकदा सुटली की ती पुन्हा धरत नाही, वरून माल भरला तरी तो नुसता भरलेला दिसतो. मी मिस्त्रींचे ऐकले.

२१ ते २५ फेब्रुवारी : उतरवणे आणि पुन्हा बांधणे

माती उपसायला एक दिवस, भिंतीचा तेवढा भाग जमिनीपर्यंत उतरवायला एक दिवस. माल एक ते अडीच आठवड्यांचाच असल्याने थापीच्या टोल्याने विटांवरून निघत होता. चारशेच्या आसपास विटा पुन्हा वापरता आल्या, तीस-पस्तीस फुटल्या. दोन्ही बाजूंची टोके पायऱ्यापायऱ्यांनी कापून घेतली, म्हणजे नवे थर जुन्यांत गुंततात. हे सगळे धरून ६ भाग आणि सात दिवस गेले. पैसे अर्थात मी दिले.

वाफा भिंतीपासून ५० सेंटिमीटर अलीकडे घेतला आणि त्याची उंची टाचेएवढी ठेवली. उंच वाफ्याला स्वतःची बुटकी भिंत बांधता येते, पण या वर्षी तो विचार सोडून दिला आहे.

२८ फेब्रुवारी : माथा

माथ्याच्या फरश्या बसवल्या. प्रत्येक फरशीच्या खालच्या अंगाला, दोन्ही कडांजवळ, एक उथळ खाच असते. पावसाचे पाणी फरशीच्या कडेवरून खाली वळले की त्या खाचेपाशी तुटते आणि भिंतीवर न ओघळता सरळ जमिनीवर पडते. पहिल्या पाच फरश्या बसल्यावर मी खाली वाकून बोट फिरवले, तर खाच लागेना. फरशीखालून बाहेर आलेला माल थापीने पुसताना तो खाचेत चेपला गेला होता. तीन वर्षांच्या जुन्या भिंतीवर जे काळे ओघळ पाहिले होते त्यांचे कारण इथे समजले. माल ओला असतानाच खिळ्याने खाच मोकळी केली आणि उरलेल्या फरश्या बसवताना खाचेत दोरी धरून ठेवली, फरशी बसली की दोरी ओढून काढायची. ही युक्ती बिगाऱ्याची.

मोकळे सांधे माथ्यातूनही तसेच वर नेले. तिथे फरशी सलग टाकली असती तर तडा फरशीला गेला असता.

९ मार्च : काम संपले

शेवटच्या भागाचे पाणी मारणे आज थांबवले. ठरलेले ३० दिवस, लागले ४५. वाढलेल्या पंधरा दिवसांपैकी एक नळीचा, दोन भरावाचे, एक कोरड्या विटांचा, चार विटांच्या प्रतीक्षेचे आणि सात वाफ्याचे. खर्च १०० च्या जागी १११: नळी १, भराव ४, वाफा ६. ठेकेदाराच्या चुकीने गेलेला दिवस एकच, बाकीचे चौदा माझ्या खात्यावर. त्यातले भरावाचे दोन वाटून घ्यावेत असे मला अजूनही वाटते, कारण पहार त्यानेही दोनच ठिकाणी रोवली होती.

२० एप्रिल : लोणा

भिंतीच्या खालच्या सहा-सात थरांवर पांढरी भुकटी दिसू लागली. विटांमधले आणि मालातले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. नव्या भिंतीला लोणा येणे नवलाचे नाही. पाण्याने धुतले तर तेच क्षार पुन्हा आत शिरतात आणि पुन्हा बाहेर येतात, आणि आम्लाने धुतले तर दर्जा खराब होतात. कोरड्या दिवशी ताठ केसांच्या ब्रशने झाडून भुकटी खाली कागदावर गोळा केली. दोनदा झाडावे लागले.

९ जून : शेवटचा हप्ता

ठेकेदार आणि मिस्त्री दोघेही आले. उतरवून पुन्हा बांधलेल्या भागाचे दोन्ही जोड पाहिले, तडा नाही. भरावाच्या टोकाला माथ्यावर दोरी ताणली, ते बसलेले नाही. एका मोकळ्या सांध्याचे सीलंट वरच्या हातभर लांबीत कडेने सुटले होते, ते काढून नवे भरले. ओळंबा पुन्हा धरला: चौथ्या खांबापाशी ३ मिलीमीटर, फेब्रुवारीत होता तेवढाच. राहिलेले १० भाग दिले.

तारेच्या कुंपणाचे गंजलेले खांब मात्र बागेच्या कोपऱ्यात अजून पडून आहेत. राडारोडा उचलायचे करारात होते, ठेकेदाराच्या मते जुने खांब राडारोड्यात मोडत नाहीत.